सीएनसी राउटर स्टॅटिकने मधेच थांबतो तेव्हा: चार्जला बोर्डाबाहेरची वाट कशी द्यायची

प्रश्न थोडक्यात असा आहे. घराच्या गॅरेजमध्ये 6090 मापाचा (600 बाय 900 मिमी) सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकुमाने लाकूड कोरणारे मशीन; टूल फिरवणारी 1.5 किलोवॅटची वॉटर-कूल्ड मोटर, म्हणजे स्पिंडल; तिचा वेग ठरवणारा व्हीएफडी, जीआरबीएल या फर्मवेअरवर चालणारा बोर्ड आणि यूएसबीने जोडलेला लॅपटॉप. भुसा ओढायला घरगुती व्हॅक्यूम, मधे भुसा वेगळा पाडणारा प्लॅस्टिकचा सायक्लोन आणि साधा पीव्हीसी पाइप. एमडीएफवर पॉकेट (सपाट तळाचा खळगा) मारताना दहा-पंधरा मिनिटांत काम थांबते. कधी अलार्म 1 (लिमिट स्विच, म्हणजे टोकाचा स्विच दाबला गेल्याचा इशारा) येतो, कधी लॅपटॉपला बोर्डच दिसेनासा होतो. पाइपाला हात लागला की चटका बसतो. पावसाळ्यात काहीच त्रास नव्हता, थंडी सुरू झाली आणि हे मागे लागले. एकाने सल्ला दिला की पाइपात उघडी तांब्याची तार ओवा आणि खिडकीच्या ग्रिलला बांधा. दुसऱ्याने सांगितले, मशीनसाठी अंगणात वेगळा अर्थिंग रॉड ठोका. यातले कोणते करावे?

जसे सांगितले आहे तसे दोन्ही करू नका. कारण पुढे येईलच, पण त्याआधी नेमके काय बिघडते आहे ते पाहू.

भुसा पाइपाच्या भिंतीला घासत जातो तेव्हा दोघांवर उलटसुलट चार्ज साठतो. पीव्हीसी उत्तम इन्सुलेटर असल्यामुळे तो चार्ज वाहून जात नाही, साचत राहतो. चटका जाणवायला साधारण 3000 व्होल्ट लागतात, म्हणजे तुमच्या पाइपावर त्याच्या वर काहीतरी आहे हे हाताने सिद्ध झालेच. ऊर्जा मात्र अगदी किरकोळ असते. माणसाचे अंग 100 पिकोफॅरडचा कपॅसिटर धरले तर 10,000 व्होल्टला जेमतेम 5 मिलिज्यूल. पण ती ठिणगी काही नॅनोसेकंदांत उडते आणि तेवढ्या क्षणात करंट काही अँपिअरवर जातो. जीआरबीएलच्या साध्या बोर्डावरची एटीमेगा 328 चिप पिनवर 5 व्होल्टच्या वर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त सहन करायला बांधलेली नाही. त्यामुळे चिप जळली नाही तरी रीसेट होणे, यूएसबीची चिप अडकणे किंवा लिमिट स्विच दाबला गेल्याचा भास होणे सहज घडते.

आता तुमच्या मशीनवर या ठिणगीचा रस्ता शोधा. पाइप डस्ट शूला (टूलभोवतीचे भुसा ओढणारे टोपण), डस्ट शू स्पिंडलला, स्पिंडल झेडच्या (वर-खाली सरकणाऱ्या) प्लेटला. तिथून पुढे गँट्री, म्हणजे हे सगळे वाहणारा सरकता पूल, जर पीओएम प्लॅस्टिकच्या चाकांवर चालत असेल तर तिचा खालच्या फ्रेमशी विद्युत संबंधच नसतो. रेल आणि बॉल बेअरिंग असतील तर ग्रीसच्या थरामुळे संबंध कधी जुळतो, कधी तुटतो. म्हणजे वरचा अर्धा मशीन हवेत तरंगतो आहे. त्याला जमिनीपर्यंत जाणारी एकच सलग तार उरते: लिमिट स्विचच्या आणि टूलची उंची मोजणाऱ्या प्रोबच्या वायरीतून बोर्ड, बोर्डाचा ग्राउंड, यूएसबी केबल, लॅपटॉप, लॅपटॉपच्या चार्जरची अर्थ पिन. चार्ज तीच वाट धरतो. म्हणून सगळा उपाय एका वाक्यात मावतो: चार्जला बोर्डातून न जाणारी, जाड आणि सलग वाट द्या. पुढचे सगळे त्याचा तपशील आहे.

पण आधी खात्री करा की हे स्टॅटिकच आहे. होम वर्कशॉपमध्ये ‘स्टॅटिक’ म्हणून सांगितल्या जाणाऱ्या बऱ्याच तक्रारी व्हीएफडीच्या नॉइजच्या निघतात, आणि दोघांची औषधे काही अंशी वेगळी आहेत. यासाठी मी चार पायऱ्यांची चाचणी सांगतो, क्रम बदलू नका. एकच प्रोग्राम घ्या, अर्धा तास चालणारा, आणि झेड इतका वर ठेवा की टूल हवेतच फिरेल.

पहिली पायरी: स्पिंडल चालू, व्हॅक्यूम बंद, पाइप काढून बाजूला. इथेच थांबले तर दोष व्हीएफडीचा, स्टॅटिकचा नाही. दुसरी: व्हॅक्यूम चालू, पण पाइप डस्ट शूला न लावता दूर जमिनीवर. व्हॅक्यूम चालू-बंद करताना नेमके त्याच क्षणी यूएसबी सुटली तर तो व्हॅक्यूमच्या ब्रशवाल्या मोटरचा झटका आहे, सप्लायमधून येणारा. तिसरी: पाइप डस्ट शूला लावलेला, व्हॅक्यूम चालू, टूल अजूनही हवेत. नुसती स्वच्छ हवा फारसा चार्ज करत नाही, त्यामुळे हे सहसा निर्विघ्न पार पडते. चौथी: तोच प्रोग्राम, खरे एमडीएफ, खरा भुसा. फक्त इथेच आणि काही मिनिटे गेल्यावरच थांबत असेल तर ते स्टॅटिक.

आणखी एक स्वस्त साधन म्हणजे जुना ट्रान्झिस्टर रेडिओ. मीडियम वेव्हवर, दोन स्टेशनांच्या मधल्या रिकाम्या जागी लावा आणि मशीनपासून दोन-तीन फुटांवर ठेवा. व्हीएफडीचा नॉइज अखंड कर्कश सूर म्हणून ऐकू येतो आणि स्पिंडल बंद केला की जातो. स्टॅटिकची ठिणगी सुटा ‘कट्ट’ असा आवाज देते, मधे काही सेकंद शांतता, पुन्हा ‘कट्ट’. त्या प्रत्येक आवाजाच्या वेळी पाइप कुठे कशाला टेकतो आहे ते पाहा. ठिणगीची जागा बहुधा तिथेच सापडते. तुमच्या बाबतीत पावसाळ्यात त्रास नव्हता हा पुरावाही स्टॅटिककडेच बोट दाखवतो. व्हीएफडीला ऋतू कळत नाहीत.

आता अर्थिंग. इथे उत्तर तुमच्या घराच्या वायरिंगवर अवलंबून आहे आणि ते दुरून सांगता येत नाही, मोजावे लागते. ज्या सॉकेटवर मशीन चालते त्यात फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असे तीन व्होल्टेज घ्या. पहिले दोन जवळपास सारखे, 230च्या आसपास हवेत. न्यूट्रल-अर्थमध्ये लोड असताना एक ते तीन व्होल्ट दिसणे चांगले. दहाच्या वर असेल तर न्यूट्रल किंवा अर्थ, दोघांपैकी एकात गडबड आहे. गीझर किंवा इस्त्री त्याच लाइनवर लावूनही तिथे अगदी शून्यच दिसत असेल तर खूश होऊ नका. सॉकेटच्या मागे कुणीतरी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडून ठेवले असण्याची शक्यता जास्त. हा उद्योग आपल्याकडे बऱ्याच जुन्या घरांत केलेला असतो, आणि न्यूट्रल तुटला की मशीनच्या सगळ्या लोखंडावर 230 व्होल्ट येतात.

मल्टीमीटरचा एक फसवा प्रकार लक्षात ठेवा. अर्थची वायर कुठेच जोडलेली नसेल तरीही डिजिटल मीटर फेज-अर्थमध्ये साठ, ऐंशी, शंभर असे काहीतरी दाखवतो, कारण शेजारच्या वायरींतून तेवढा चार्ज झिरपतो आणि मीटर स्वतः करंट घेतच नाही. त्यामुळे व्होल्टेज ठीक दिसले तरी अर्थ भार पेलतो का, हे इलेक्ट्रिशियनकडून टेस्ट लॅम्प किंवा लूप टेस्टरने पाहून घ्या. आरसीसीबी (अर्थमध्ये करंट गळताच सप्लाय तोडणारा स्विच) असेल तर टेस्ट लॅम्प फेज-अर्थमध्ये लावताच ती उडेल. त्यातून अर्थची वाट आहे एवढे कळते, ती किती चांगली आहे ते लूप टेस्टरच सांगतो. एक्स्टेन्शन बोर्ड उघडून पाहायला विसरू नका. स्वस्त बोर्डांत अर्थचे भोक असते, मागे वायर नसते.

खिडकीचे ग्रिल अर्थ नाही. ते भिंतीत गाडलेले लोखंड आहे, कोरड्या विटा-सिमेंटमधून त्याला जमीन मिळत नाही. नळही पूर्वी चालायचा, आता घरोघरी सीपीव्हीसी आहे, म्हणजे तोही इन्सुलेटरच.

वेगळ्या रॉडबद्दल मात्र जरा सविस्तर, कारण हा सल्ला जाणकार माणसेही देतात. फक्त स्टॅटिकचा विचार केला तर रॉड चालेल. स्टॅटिकला एक मेगाओहमची वाटसुद्धा पुरते, हातात बांधायच्या अँटिस्टॅटिक पट्ट्यात मुद्दाम तेवढा रेझिस्टर घातलेला असतो. अडचण दुसरीकडे आहे. व्हीएफडीमधला फेज उद्या बॉडीला लागला आणि तुमच्या रॉडचा रेझिस्टन्स 20 ओहम असला, जो मुरमाड जमिनीत उन्हाळ्यात अगदी सहज असतो, तर करंट येतो साडेअकरा अँपिअर. 16 अँपिअरची एमसीबी त्यावर उडत नाही. मशीनची बॉडी जिवंत राहते आणि तुम्ही टूल बदलायला हात घालता. दुसरे म्हणजे मशीनचा अर्थ एक आणि लॅपटॉपचा अर्थ दुसरा झाला, की जूनच्या पहिल्या गडगडाटात दोन्हींच्या पातळीत फरक पडतो आणि तो फरक भेटतो यूएसबी केबलमध्ये. रॉड ठोकायचाच असेल तर तो घराच्या मुख्य अर्थ टर्मिनलला जाड वायरने जोडलाच पाहिजे. आयएस 3043 या अर्थिंगच्या भारतीय मानकाचा रोखही सगळे अर्थ एकत्र बांधण्याकडेच आहे. फ्लॅटमध्ये असाल तर रॉडचा प्रश्नच उद्भवत नाही; इमारतीचा अर्थ सॉकेटपर्यंत धड पोचतो का तेवढे पाहा.

सॉकेटचा अर्थ पक्का झाला की मशीन बांधायला घ्या. कंट्रोल बॉक्समध्ये पितळेची एक अर्थ पट्टी बसवा, सात-आठ स्क्रूंची, इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळते ती. सगळ्या अर्थ वायरी या एकाच पट्टीवर आणायच्या, एकमेकींना साखळीने जोडायच्या नाहीत. सॉकेटकडून आलेली अर्थ, व्हीएफडीचे अर्थ टर्मिनल, एसएमपीएसचे (बोर्डाला डीसी वीज देणाऱ्या सप्लायचे) अर्थ टर्मिनल, खालची फ्रेम, गँट्री, झेड प्लेट, स्पिंडलची बॉडी, आणि व्हॅक्यूमकडची धातूची जी काही वस्तू असेल ती. स्थिर जागांना 2.5 स्क्वेअर एमएम, हलणाऱ्या भागांना 1.5 स्क्वेअर एमएमची मऊ, बारीक तारांची हिरवी-पिवळी वायर. ड्रॅग चेनमध्ये (हलत्या वायरी वाहणारी प्लॅस्टिकची साखळी) एकसंध तांब्याची कडक वायर घालू नका, काही महिन्यांत आतल्या आत तुटते आणि वरून काही कळत नाही.

ॲल्युमिनियम प्रोफाइलवर बहुतेकांचे काम इथे फसते. प्रोफाइलवरचा ॲनोडाइझिंगचा थर इन्सुलेटर आहे. चकचकीत प्रोफाइलच्या पृष्ठभागावर दोन ठिकाणी मीटरचे प्रोब नुसते टेकवून पाहा, बीप येत नाही. थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी) लावून बोल्ट कितीही आवळला तरी खाली ऑक्साइडच राहतो. जिथे थिंबल बसणार तेवढी जागा 120 नंबरच्या पॉलिश पेपरने पांढरी होईपर्यंत घासा, दातेरी स्टार वॉशर थेट धातूवर ठेवा, त्यावर थिंबल, मग साधे वॉशर आणि नट. वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात, म्हणजे पुन्हा ऑक्साइड धरत नाही. दोन प्रोफाइल कॉर्नर ब्रॅकेटने जोडलेले असले तरी ते विद्युतदृष्ट्या जोडलेले असतीलच असे गृहीत धरू नका. शंका असेल तिथे छोटी जम्पर वायर टाका.

स्पिंडलकडे खास लक्ष द्या. या चिनी वॉटर-कूल्ड स्पिंडलच्या डोक्यावर चार पिनांचा गोल कनेक्टर असतो. तीन पिना मोटरच्या वायंडिंगच्या. चौथी बॉडीला जोडलेली असायला हवी, पण पुष्कळदा ती आत मोकळीच सोडलेली असते. सप्लाय काढून, व्हीएफडीचे कपॅसिटर रिकामे व्हायला दहा मिनिटे थांबून, चौथी पिन ते स्पिंडलची स्टीलची बॉडी असे मोजा. बीप नाही आली तर डोक्यावरची टोपी उघडून आत बॉडीला थिंबल लावून वायर चौथ्या पिनेवर सोल्डर करा. तेवढा हात चालत नसेल तर स्पिंडल क्लॅम्पच्या आतल्या बाजूला, जिथे स्पिंडल बसतो, तिथले ॲनोडाइझिंग घासून क्लॅम्पच्या बोल्टवरून वायर घ्या. स्पिंडल ते व्हीएफडी केबल चार कोअरची शील्डेड असावी आणि शील्ड व्हीएफडीच्या बाजूला अर्थ टर्मिनलवर जावी. चौथा कोअर हाच स्पिंडलचा अर्थ.

सगळे झाल्यावर मोजमाप: मशीनचा प्लग सॉकेटमधून काढा, मीटरचा एक प्रोब प्लगच्या लांब अर्थ पिनेवर आणि दुसरा पाळीपाळीने स्पिंडल बॉडी, झेड प्लेट, गँट्री, फ्रेम, कंट्रोल बॉक्स यांच्यावर. मीटरच्या वायरींचे 0.2-0.3 ओहम वजा करून प्रत्येक ठिकाणी एक ओहमच्या आत यायला हवे. गँट्री एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने सरकवत हेच पुन्हा मोजा. मधेच आकडा उडाला तर ड्रॅग चेनमधली वायर किंवा तिचा थिंबल सैल आहे.

पाइपाकडे वळू. आतून उघडी तार ओवण्याचा सल्ला जुना आहे आणि सर्वस्वी चुकीचा नाही, पण त्यातून मिळणारे फळ थोडे. तार फक्त तिच्या आसपासचा चार्ज ओढते; प्लॅस्टिक वाहक नसल्यामुळे दोन इंच पलीकडचा चार्ज तिथेच बसून राहतो. वर, आतल्या तारेला एमडीएफचे लांब काप अडकून पाइप तुंबतो. आणि तार मधे कुठे तुटली तर पुढचा तुकडा कशालाच न जोडलेला धातू होऊन बसतो, जो चार्ज साठवून एकदम मोठी ठिणगी देतो. अर्धवट अर्थ केलेला धातू हा अजिबात धातू नसण्यापेक्षा वाईट.

पाइप बदलणे शक्य असेल तर पीयूचा (पॉलियुरेथेनचा), स्टीलच्या तारेची स्प्रिंग असलेला पाइप घ्या. आपल्याकडे तांब्याचा मुलामा दिलेल्या स्प्रिंगचे पीयू डक्ट होज सहज मिळतात. टोकाकडचे पीयू कापून पाच-सहा सेंटिमीटर तार मोकळी करा, पॉलिश पेपरने घासा, थिंबल क्रिम्प करा आणि अर्थ पट्टीला जोडा. स्टॅटिकसाठी एक टोक पुरते, पण दोन्ही टोके जोडावीत असे मी सांगेन, कारण मशीनवर सारखा वाकणारा पाइप कधीतरी आत तुटतोच. हिरवा सक्शन पाइप घेऊ नका. त्यातला पीळ लोखंडाचा वाटला तरी तो कडक पीव्हीसीचाच असतो.

सध्याचाच पाइप ठेवायचा असेल तर बाहेरून उघडी तांब्याची तार दहा-पंधरा सेंटिमीटर अंतराने गुंडाळा, ठिकठिकाणी टेपने पकडा, आणि अर्थ पट्टीला जोडा. चार्ज पूर्ण जाणार नाही, पण ठिणगी आता तुमच्या हाताऐवजी आणि वायरींऐवजी त्या तारेत उडेल, आणि आपल्याला तेवढेच हवे आहे.

प्लॅस्टिकच्या सायक्लोनमध्ये सर्वांत जास्त घासाघाशी होते, म्हणून चार्जचे खरे आगर तेच. त्यावर ॲल्युमिनियम फॉइल टेप बाहेरून वेटोळी करून चिकटवा. टेपचा चिकट थर वाहक नसतो. तुकड्यावर तुकडा लावला तर ते एकमेकांना जोडलेलेच नसतात. एकच सलग पट्टी वापरा, किंवा प्रत्येक जोडावर टोक अर्धा इंच उलटे दुमडून धातू धातूला टेकवा. खालची बादली पत्र्याची असेल तर तिला अर्थ दिलीच पाहिजे. पेंटचा डबा बसवला असेल तर रंग घासून, स्टार वॉशर लावून.

एक फुकटचा उपाय, जो मी सगळ्यात आधी करायला सांगतो: पाइप आणि सिग्नलच्या वायरी वेगळ्या करा. लिमिट स्विचची किंवा प्रोबची वायर पाइपाबरोबर झिप टायने बांधलेली दिसते, कारण दोघांनाही स्पिंडलपर्यंतच जायचे असते. हजारो व्होल्टचा पाइप त्या वायरीला चिकटून असेल तर ठिणगी न उडताही वायरीत झटका येतो. निदान पंधरा-वीस सेंटिमीटर अंतर ठेवा. पाइप वरून छताच्या हुकाला टांगा, वायरी ड्रॅग चेनमधून खालून.

बोर्डाच्या बाजूची डागडुजी यानंतर. वाट नीट दिल्यावर यातले पुष्कळसे लागतही नाही, पण अलार्म 1 चालूच राहिला तर इथे पाहा. लिमिट इनपुटला चिपच्या आतला पुल-अप, म्हणजे पिनेला 5 व्होल्टकडे ओढून धरणारा रेझिस्टर, 20 ते 50 किलोओहमचा असतो, म्हणजे फारच हलका. लांब वायरीवर कुठलाही झटका त्याला हलवतो. स्विच नॉर्मली क्लोज्ड करा आणि जीआरबीएलच्या सेटिंगमध्ये $5=1 ठेवा. मग नेहमीच्या स्थितीत पिन स्विचमधून थेट ग्राउंडला टेकलेली असते आणि झटक्याला तिला हलवणे जड जाते. शिवाय वायर तुटली तर लगेच कळते. त्यावर प्रत्येक पिनेला, बोर्डापाशीच, एक किलोओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये आणि पिन ते ग्राउंड 0.1 मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर. एवढ्याने बहुतेक मशीने शांत होतात. पीसी817 ऑप्टोकप्लरची (सिग्नल प्रकाशाने पलीकडे देणाऱ्या चिपची) तयार पट्टी लावून लिमिटची लाइन 24 व्होल्टवर चालवली तर अधिक चांगले, कारण आतला एलईडी पेटवायला काही मिलिअँपिअर खरोखर वाहावे लागतात आणि झटक्यात तेवढा दम सहसा नसतो.

काम अलार्म न देता नुसते ‘होल्ड’मध्ये जाऊन थांबत असेल तर लिमिट स्विचमागे वेळ घालवू नका. जीआरबीएलमध्ये ए0 ही पिन रीसेटची, ए1 फीड होल्डची, ए2 सायकल स्टार्टची आहे. बटणे लावलेली नसली तरी त्या जिवंत असतात, आणि सीएनसी शील्डवर (बोर्डावर बसणाऱ्या जोडपाटीवर) त्यांच्या उघड्या पिना अँटेनासारख्या उभ्या असतात. त्यांनाही तोच कपॅसिटर द्या, आणि 5 व्होल्टला 4.7 किलोओहमचा पुल-अप. झेड प्रोबची मगर क्लिप काम चालू असताना कोलेटला (टूल पकडणाऱ्या चिमटीला) लटकत ठेवू नका. ती वायर सरळ ए5 पिनेत जाते, म्हणजे स्पिंडलवरचा चार्ज चिपच्या दारात नेऊन ठेवल्यासारखे होते. प्रोबिंग झाले की क्लिप काढा आणि शक्य असेल तर वायर कनेक्टरपाशीच सोडवा.

यूएसबी सुटण्यासाठी लोक आधी आयसोलेटर विकत घेतात. तो शेवटी घ्यावा. एडीयूएम4160 चिपवाले आयसोलेटर या कामाला योग्य आहेत आणि मशीन व लॅपटॉप यांच्यातला ग्राउंड ते खरोखर तोडतात. पण मशीनला दुसरी वाट नसताना ही वाट तोडली तर चार्ज बोर्डातच साठून दुसरीकडून उडतो. मशीन बांधून झाले की आधी केबल बदला: दीड मीटरच्या आतली, शील्डेड, दोन्ही टोकांना फेराइट असलेली. विंडोजमध्ये यूएसबीची वीज वाचवणारी सेटिंग बंद करा, कारण ती लागू झाल्यावर दिसणारे लक्षण स्टॅटिकसारखेच असते. पुढे कधी कंट्रोलर बदलणार असाल तर इथरनेटवाला घ्या. इथरनेटच्या दोन्ही टोकांना ट्रान्सफॉर्मर असतातच, त्यामुळे आयसोलेशन आपसूक मिळते.

एसएमपीएसचा डीसी मायनस अर्थ पट्टीला जोडावा का, याचे उत्तर लॅपटॉपवर ठरते. चार्जर दोन पिनांचा असेल किंवा मधे आयसोलेटर असेल तर मायनस एकाच ठिकाणी अर्थ पट्टीला जोडा, म्हणजे बोर्ड तरंगत राहत नाही. चार्जर तीन पिनांचा असेल किंवा डेस्कटॉप असेल आणि आयसोलेटर नसेल, तर यूएसबीतून तो आधीच अर्थला जोडलेला आहे. दुसरी जोडणी केल्यास ग्राउंड लूप होतो. मग एकतर आयसोलेटर घालून जोडा, नाहीतर आहे तसे राहू द्या.

हवेबद्दल थोडेसे. साधा हायग्रोमीटर भिंतीला लावा. आर्द्रता 40 ते 55 टक्के असेल तर स्टॅटिक बरेचसे आपोआप आटोक्यात राहते, 30च्या खाली गेली की जोर धरते. कोकणात हा विषय फारसा निघत नाही. नाशिक-पुण्यात डिसेंबर ते एप्रिलच्या दुपारी, आणि विदर्भात तर सबंध उन्हाळा. तिथे घरोघरी असलेला कूलर खोलीत फिरवला तर फरक लगेच दिसतो, फक्त त्याचा झोत मशीनवर किंवा एमडीएफच्या थप्पीवर नको. एमडीएफच्या कडा फुगतात आणि रेलवर गंज धरतो. 55च्या वर नेण्यात काही मिळवायचे नाही.

माल बदलला की वागणूक बदलते. ॲक्रिलिकचे काप टूलला आणि शीटला चिकटून बसतात. वरची फिल्म काम संपल्यावरच काढा, कारण फिल्म सोलणे हाच मोठा चार्ज आहे, आणि साफ करताना कोरडे फडके न वापरता किंचित ओले वापरा. एसीपी शीटचा प्रकार निराळा. वर-खाली ॲल्युमिनियम आणि मधे पॉलिथीन, म्हणजे तो सपाट कपॅसिटरच झाला, आणि तो एमडीएफच्या स्पॉइल बोर्डवर (मालाखाली टाकायच्या फळीवर) सगळ्यांपासून तुटून बसलेला. कोपऱ्यात संरक्षक फिल्म थोडी उचलून, रंगाचा थर खरवडून, अर्थ पट्टीची एक मगर क्लिप वरच्या पत्र्याला लावून ठेवा.

धुळीच्या स्फोटाची भीती या विषयाबरोबर नेहमी येते. घरगुती व्हॅक्यूमच्या पाइपात ती अवास्तव आहे. प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावरून उडणारी ठिणगी चार-एक मिलिज्यूलच्या पुढे जात नाही, लाकडाच्या धुळीला पेटायला सहसा दहापासून शंभरपर्यंत मिलिज्यूल लागतात, आणि हवेत धूळही घनमीटरला चाळीस-पन्नास ग्रॅम असावी लागते. व्हॅक्यूमच्या पिशवीला आग लागते ती वेगळ्या कारणाने: बोथट टूलने एकाच जागी घासून तयार झालेला निखारा ओढला जातो, किंवा टूल क्लॅम्पच्या स्क्रूला लागते. काम संपल्यावर पिशवी किंवा बादली खोलीबाहेर ठेवण्याची सवय लावा.

आता सगळे बांधून झाल्यावर होऊ शकणारी एक गोष्ट, जिच्यापायी लोक केलेले काम उलटे फिरवतात. अर्थ नीट लागली की 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी उडू लागते. व्हीएफडीच्या आतल्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थमध्ये जातच असतो. आधी वाट नव्हती म्हणून तो दिसत नव्हता. अशा वेळी अर्थ वायर काढू नका आणि आरसीसीबीला बायपासही करू नका. मशीनला डीबीपासून (घराच्या एमसीबी-बॉक्सपासून) स्वतंत्र लाइन आणि स्वतंत्र आरसीसीबी द्या, व्हीएफडीसाठी योग्य प्रकारची, एफ किंवा बी. कुठली ते व्हीएफडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेले असते. व्हीएफडीची कॅरिअर फ्रीक्वेन्सी (आतले स्विच चालू-बंद होण्याचा वेग) एक-दोन पायऱ्यांनी उतरवली आणि स्पिंडलची केबल लागेल तेवढीच ठेवली तर गळती कमी होते.

एवढे करूनही थांबत असेल तर पुढचे सांगण्यासाठी तीन गोष्टी लागतील: चार पायऱ्यांच्या चाचणीत नेमक्या कोणत्या पायरीला थांबले, न्यूट्रल-अर्थचे व्होल्टेज व्हॅक्यूम आणि स्पिंडल चालू असताना किती होते, आणि थांबण्याच्या क्षणी स्क्रीनवर अलार्म होता, होल्ड होता, की पोर्टच गेला होता.